हजारमाचीची प्रयोगशाळा आणि कोयनेखालचा ग्रॅनाइट

कराडहून विट्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात ओगलेवाडी येते. ओगल्यांचा काच कारखाना आणि तिथला प्रभाकर कंदील यांमुळे हे नाव एके काळी घरोघरी पोहोचलं होतं. त्याला लागूनच, सदाशिवगडाच्या परिसरात, हजारमाची आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी ही संस्था इथे आहे. नाव लांबलचक असल्यामुळे कागदोपत्री ती बीजीआरएल म्हणून ओळखली जाते.

आपल्याकडे बोअर म्हटलं की पाणी. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागात तर बोअर मारणं हा जुगारच. पाणी लागलं तर गुलाल, नाहीतर नुसता फुफाटा. हजारमाचीच्या संस्थेचा सारा व्यवहार बोअरशीच आहे, पण तिला पाणी नको आहे. कोयनेची जमीन हलते ती नेमकी कशामुळे, हे जिथे हलते तिथेच खाली उतरून तपासावं, एवढ्यासाठी ती उभी राहिली. त्या कामात एक मोजमाप सतत डोकावतं: खडकातून आपोआप बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांचं. भूकंपाच्या बातम्यांत त्याचं नाव येत नाही. संस्थेची गोष्ट सांगताना मात्र ते टाळता येत नाही.

गोष्ट संस्थेच्या जन्माआधीची आहे. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच. १९६१-६२ पासून तिच्या जलाशयात, शिवाजीसागरात, पाणी साठू लागलं आणि आसपासच्या गावांना जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. सप्टेंबर १९६७ मध्ये मोठे धक्के बसले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्याची तीव्रता ६.३ होती. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर मोडून पडलं. धरण उभं राहिलं, पण भिंतीच्या उतारात जिथे एकदम बदल होतो तिथे तडे गेले. आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने नोंदवला तो ०.६३ पट. ती नोंद आजही जगभरचे धरण-अभियंते संगणकावर घालून आपापल्या भिंती तपासतात, इतकी ती प्रसिद्ध आहे. कोयनेची आणि संगणकी प्रतिरूपांची ओळख तशी जुनीच म्हणायची.

जलाशयामुळे चेतवलेला इतका मोठा भूकंप जगात दुसरा नाही असं मानलं जातं. आणि तो एकदाच होऊन थांबला नाही. तेव्हापासून ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के, ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास, लहानसहान तर हजारोंनी. दक्षिणेला, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात, चांदोलीला वारणेचं धरण झालं. १९८५ पासून तिथे पाणी साठू लागलं आणि १९९३ पासून धक्क्यांचा मोर्चा त्या बाजूलाही सरकला. म्हणून शास्त्रज्ञ आता नुसतं कोयना म्हणत नाहीत, कोयना-वारणा म्हणतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना जोडणाऱ्या अनेक गोष्टी आहेत. त्यात हीसुद्धा एक, कोणालाही नको असलेली.

या साऱ्या धक्क्यांचा पट्टा जेमतेम २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब. खोलीही फार नाही. बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले. पन्नास किलोमीटरच्या टापूत दुसरा जागता भूकंप-स्रोत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी आपल्या कारकिर्दीतला मोठा काळ या एका टापूवर घालवला, तो यामुळेच. भूकंप जिथे जन्मतो तिथवर ड्रिल नेणं शक्य आहे अशा जागा पृथ्वीवर थोड्या आहेत. रशियातलं कोला विवर १२ किलोमीटरवर गेलं, जर्मनीतलं केटीबी ९ किलोमीटरवर. पण ती भूकंपाच्या मागावर निघालेली नव्हती. कॅलिफोर्नियात सॅन आंद्रियास भ्रंशात ड्रिल उतरवलं गेलं. पण जलाशयाने चेतवलेल्या भूकंपाच्या पोटात शिरायचं, तर कोयनेसारखी दुसरी जागा नाही.

मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक ड्रिलिंग कार्यक्रमाची कार्यशाळा हैदराबाद आणि कोयनेत भरली. मे २०१४ मध्ये दुसरी कोयनेतच झाली.   खरं काम चाललं होतं डोंगरात. कोयना-वारणा परिसरात नऊ ठिकाणी दीड-दीड किलोमीटरच्या आसपास चाचणी विवरं पाडली गेली. त्यातल्या काहींच्या तळाशी पुढे भूकंपमापक बसवले, म्हणजे वरच्या रहदारीचा, वाऱ्यापावसाचा गलबला टाळून बारीकसारीक धक्केही टिपता यावेत.

यातलं रासाटीचं विवर १५२२ मीटर खोल. तिथे सुमारे ९३३ मीटर काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याचे एकावर एक थर. त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस. थेट हा शब्द इथे महत्त्वाचा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटरचं विवर पाडलं होतं. त्यात ३३८ मीटर बेसॉल्टखाली आठेक मीटर गाळाचा खडक मिळाला आणि मग ग्रॅनाइट. कोयनेत तो गाळ सापडला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा अडीचशे-पावणेतीनशे कोटी वर्षांच्या खडकावर सरळ येऊन बसला होता. दोघांमधल्या दोनशे कोटींहून अधिक वर्षांचा हिशेब त्या जागी एका रेघेत मिटलेला.

ती रेघ ओळखायला डोळे पुरतात, पण गाभा हातात असेल तरच. चाचणी विवरांतून खडकाचे लांबट दंडगोल वर काढले गेले आणि ते कराडला जपून ठेवले गेले. माझ्या मते ही संस्थेची सर्वांत मोठी ठेव. पुढच्या पिढीला नवं यंत्र मिळालं, नवी शंका आली, तर पुन्हा डोंगर पोखरावा लागणार नाही; पेटी उघडली की झालं. गाभा काढणं मात्र संथ आणि खर्चिक. खोल जायचं तर सलग गाभा परवडत नाही. मग ड्रिल फिरतं, चुरा वर येतो, आणि खडकाची ओळख केबलवर सोडलेल्या यंत्रांकडून करून घ्यावी लागते. याला लॉगिंग म्हणतात, आणि गॅमा किरणांची कथा इथून सुरू होते.

प्रत्येक खडकात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातला बारीकसा अंश किरणोत्सारी. युरेनियम आणि थोरियमही अत्यल्प, दहा लाखात काही भाग एवढेच. तिघांची सही वेगळी. पोटॅशियमचा किरण १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. युरेनियमच्या कुळातला ओळखीचा १.७६ चा, थोरियमच्या कुळातला २.६१ चा. विवरात सोडलेल्या नळीत सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. किरण त्यावर आदळला की तो स्फटिक क्षणभर चमकतो, आणि ती चमक मोजली जाते.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हे तिन्ही कमी, ग्रॅनाइटमध्ये भरपूर. लॉगिंगवाल्यांचं एक प्रमाण-एकक आहे. अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात १९५९ मध्ये काँक्रीटचा एक खड्डा बांधला, त्यात एक थर जाणूनबुजून किरणोत्सारी केला, आणि त्याच्या व साध्या थराच्या नोंदीतल्या फरकाला २०० एकक म्हटलं. जगातल्या तेल विहिरी त्या खड्ड्याच्या मापाने मोजल्या जातात. एक टक्का पोटॅशियमला साधारण १६ एकक, दहा लाखात एक भाग युरेनियमला ८, थोरियमला ४, असा ढोबळ हिशेब. त्यावरून एखाद्या नेहमीच्या बेसॉल्टचं उत्तर दहाच्या आसपास येतं आणि ग्रॅनाइटचं शंभराच्या वर. म्हणजे ड्रिल काळ्या पाषाणातून ग्रॅनाइटमध्ये शिरलं की कागदावरची रेघ एकदम उजवीकडे उडी मारते. त्यासाठी भूवैज्ञानिक असण्याचीही गरज नाही.

मग अशा नोंदी वाचायला संगणकी प्रतिरूप कशाला लागतं? कारण विवरातल्या यंत्राला खडक दिसत नाही. त्याला दिसतात खडकातून निघून वाटेतल्या सगळ्या अडथळ्यांतून वाचलेले किरण. आणि ते अडथळे खडकाचे नाहीत, माणसाने निर्माण केलेले आहेत. विवराचा व्यास, त्यात भरलेला ड्रिलिंगचा चिखल, त्या चिखलातलं बॅराइट किंवा पोटॅशियमचं मीठ, बाजूचा पोलादी केसिंग पाइप, त्यामागचं सिमेंट, नळी मधोमध लोंबकळते आहे की एका भिंतीला टेकली आहे, या प्रत्येकाने आकडा बदलतो. ओगलेवाडीच्या शेजारी बसून सांगायचं तर काजळी धरलेल्या काचेतून आत वात किती मोठी आहे हे ओळखण्यासारखं हे काम आहे. आधी काजळीचा हिशेब कळला पाहिजे.

थोडे आकडे घेऊ. पोटॅशियमचा किरण ग्रॅनाइटमध्ये कशाशीही न टकरता सरासरी सात सेंटीमीटर जातो, थोरियमचा नऊ-दहा. त्यामुळे यंत्राला ऐकू येतो तो विवराभोवतीचा वीतभर खडक. त्यापलीकडचा डोंगर त्याच्या दृष्टीने नाहीच. केसिंगचं एक सेंटीमीटर पोलाद पोटॅशियमच्या साधारण एक तृतीयांश किरणांना अडवतं किंवा वळवतं. बॅराइट कमी ऊर्जेचे किरण गिळतं. पोटॅशियमचं मीठ तर उलटाच घोळ घालतं. चिखल स्वतःच किरण सोडू लागतो आणि गरीब बेसॉल्ट कागदावर श्रीमंत दिसायला लागतो.

यातल्या प्रत्येक शक्यतेसाठी ह्यूस्टनसारखा खड्डा बांधता येत नाही. म्हणून खड्डा संगणकात बांधायचा. पद्धतीचं नाव माँटे कार्लो. ती १९४० च्या दशकात लॉस अलामोसला स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या डोक्यातून निघाली. नाव जुगाराच्या शहरावरून, आणि ते तिला शोभतं. संगणकाला आधी विवराचं वर्णन द्यायचं: इतक्या व्यासाचं भोक, इतका चिखल, इतकं पोलाद, पलीकडे इतक्या घनतेचा खडक. मग तो खडकात कुठेतरी एक किरण जन्माला घालतो, त्याला कुठलीतरी दिशा देतो आणि यादृच्छिक आकडा काढून ठरवतो की हा किती अंतर जाऊन पहिल्यांदा एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकेल. धडक झाली की पुन्हा आकडा काढायचा: दिशा किती वळली, ऊर्जा किती गेली. असं करत किरण कुठेतरी विझतो किंवा स्फटिकात पोहोचतो. मग पुढचा किरण. लाखो किरण असे चालवले की त्यातले मोजकेच स्फटिकापर्यंत येतात, आणि त्या मोजक्यांवरून यंत्राचा प्रतिसाद ठरतो. लॉस अलामोसची एमसीएनपी आणि सर्नमध्ये मुळं असलेली जिआंट-४ या दोन प्रणाली या कामात नावाजलेल्या.

इथे एक जुना नियम आडवा येतो. मोजणीतली चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. शंभर किरण मोजले तर दहा टक्के अनिश्चितता, दहा हजार मोजले तर एक टक्का. चूक निम्मी करायची तर संगणकाला चौपट वेळ. आणि हा नियम संगणकाइतकाच खऱ्या विवरालाही लागू. बेसॉल्टमधून मुळात किरण कमी, त्यामुळे रेघ थरथरते. यंत्र सावकाश वर ओढलं तर थरथर कमी, पण ड्रिलिंगच्या जागी प्रत्येक तासाला पैसे पडतात. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातीचा पातळ पट्टा असतो. सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात रस्त्याच्या कापात तो दिसतो. तो वीतभर जाडीचा असेल तर यंत्र त्याला वरखालच्या काळ्या पाषाणात मिसळून टाकतं. प्रतिरूपात तसा वीतभर पट्टा मुद्दाम घालून पाहिला, की रेघेवर किती उंचवटा अपेक्षित आहे हे कळतं. मग खऱ्या नोंदीतली कुठली कुरबूर पट्ट्याची आणि कुठली नुसत्या मोजणीची, हे ठरवायला आधार मिळतो. प्रतिरूपावर विश्वास ठेवायचा, तर कुठेतरी खडकही हातात हवा. ज्या विवरांचा गाभा जपलेला आहे, त्यांची नोंद आणि दगड शेजारी ठेवून चूक पकडता येते. कराडच्या त्या पेट्या मला मोलाच्या वाटतात त्या यासाठीही.

आता गोठणे. कोयनेच्या टापूतल्या या गावी डिसेंबर २०१६ मध्ये पथदर्शक विवराचं, म्हणजे पुढच्या अधिक खोल विवराआधीच्या विवराचं, काम सुरू झालं आणि जून २०१७ मध्ये ते ३०१४ मीटरवर पोहोचलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला. खाली पावणेदोन किलोमीटर ग्रॅनाइटी खडक. चिखल वापरून फिरवण्याचं आणि हवेच्या दाबाने ठोकण्याचं, अशी दोन्ही तंत्रं वापरली गेली. सलग गाभा नव्हता. त्यामुळे इथे संस्थेची परीक्षा लॉगिंगच्या जोरावर होती. विवराच्या भिंतीची चित्रं घेतली गेली. ती नुसती छायाचित्रं नसतात. भिंत कुठल्या बाजूने ढासळली, ड्रिलिंगच्या ताणाने कुठे चीर गेली, यावरून खडकाला कुठून दाबलं जात आहे ते वाचता येतं. संस्थेतल्या सुकांत रॉय यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने त्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. ड्रिलिंग चालू असताना वर येणाऱ्या वायूंवरही नजर ठेवली गेली, त्यात पॉट्सडॅमच्या जीएफझेड या जर्मन संस्थेची साथ होती. पुढे विवराच्या ठरावीक भागात पाण्याचा दाब चढवून खडक कधी फुटतो हे मोजलं.

मंत्रालयाने जाहीर केलेल्या निष्कर्षांतला एक मला सर्वांत बोलका वाटतो: तीन किलोमीटर खोलवरही पाणी आहे, आणि ते मुळात पावसाचं आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस भेगांभेगांतून इतक्या खाली मुरतो. दुसरा निष्कर्ष असा की तिथला खडक आधीच ताणाच्या काठावर उभा आहे. थोडा ढकलला तरी सरकतो. दोन्ही एकत्र ठेवले की पावसाळ्यात जलाशय भरल्यावर काही काळाने धक्के का वाढतात, हे कोडं अंधारातून थोडं पुढे येतं. सुटलं असं म्हणणार नाही. बीजीआरएल भूकंपाचं भाकीत करील, असं अधूनमधून कुणी लिहितं तेव्हा त्या संस्थेवर अन्यायच होतो. तिचं काम आधीच्या पायरीवरचं आहे.

गॅमा नोंदीचा इथे आणखी एक उपयोग आहे, आणि तो भेगांशी नाही, उष्णतेशी आहे. किरणोत्सारी अणू विघटन पावताना खडक तापवतात. किती, याचं एक सोपं सूत्र आहे: युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचं प्रमाण आणि घनता घातली की दर घनमीटरमागे किती मायक्रोवॅट ते निघतं. दहा लाखात दोन भाग युरेनियम, बारा भाग थोरियम आणि तीन टक्के पोटॅशियम असलेला ग्रॅनाइट घेतला तर उत्तर १.६ च्या आसपास. नेहमीच्या दख्खनी बेसॉल्टचं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. सुकांत रॉय यांचा मूळ अभ्यासविषयच भूगर्भातली उष्णता असल्याने त्या दृष्टीने पाहणं संस्थेला परकं नाही. पण सूत्रात घालायचे आकडे गॅमा नोंदीतून घ्यायचे, तर काजळीचा हिशेब चुकता कामा नये. केसिंगची दुरुस्ती विसरली तर ग्रॅनाइट एक तृतीयांश थंड ठरेल आणि त्यावर रचलेला खोलीचा तापमान-अंदाजही घसरेल.

तो अंदाज आता कामाचा होतो आहे. आखलेलं पुढचं विवर सहा किलोमीटरचं आहे. तिथे १३० ते १५० अंश सेल्सिअस तापमान असेल असा कयास आहे. सोडियम आयोडाइडचा स्फटिक तापला की त्याची चमक मंदावते, चमक मोजणारी नळीही बिघडते, आणि १.४६ वर दिसायला हवी असलेली पोटॅशियमची सही मोजपट्टीवर सरकून भलतीकडेच उमटते. म्हणून यंत्र निर्वात भिंतीच्या पोलादी नळीत बसवतात, म्हणजे काही तास तरी आत थंड राहील. पण ती जाड भिंत म्हणजे पुन्हा पोलाद, आणि पुन्हा अडणारे किरण. सहा किलोमीटरवरचा खडक वाचण्याआधी त्या नळीचं, त्या तापमानाला, त्या चिखलातलं प्रतिरूप कुणीतरी बसून तयार करावं लागेल. आणि ते बरोबर आहे की नाही, हे गाभा जपून ठेवलेल्या उथळ विवरांच्या नोंदींवर आधी पडताळावं लागेल.